चिचटोल्याच्या तलावाची राज्यघटना

सानगडीहून आत सात-आठ किलोमीटरवर चिचटोला आहे. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या खुर्चीवर मनिराम एकोणीस वर्षं अध्यक्ष म्हणून बसला होता. निवडणूक होत नव्हती असं कोणी म्हणू नये. दर पाच वर्षांनी मनिराम उभा राहायचा, स्वतःच विचारायचा, "आनखी कोनाले उभं राहाचं हाये का?" आणि स्वतःच चारी बाजूंना बघून घ्यायचा. एकदा मागच्या रांगेत एक जण उठला होता. तो पाणी प्यायला उठला होता, असं मागाहून ठरलं.

तलावाचे नियम मनिराम करायचा. नियम कोणी मोडला हे मनिरामच ठरवायचा. आणि मोडणाऱ्याला शिक्षा करायलाही मनिरामच जायचा, कारण दुसरं कोण जाणार. याला हम करे सो कायदा म्हणतात. चिचटोल्यात त्याला शिस्त म्हणत.

या शिस्तीत शकुनचा वाटा गेला होता. तिचा नवरा मुन्ना संस्थेचा सभासद, जाळ्यात हात बसलेला माणूस. दोन वर्षांमागे काविळीनं आठ दिवसांत गेला. तेरवी झाली, आणि तेरवीच्या चौथ्या दिवशी मनिरामनं यादीतून त्याचं नाव खोडलं. चिचटोल्यात जाळं ओढलं की काठावर मासोळीचे वाटे पडतात. यादीत जितकी नावं तितके वाटे. नाव पुकारलं की पुढे व्हायचं आणि आपला वाटा टोपलीत भरायचा. नाव नाही तर वाटा नाही.

शकुन सभेच्या दिवशी विचारायला गेली. मनिराम नात्यानं मुन्नाचा चुलतभाऊ, वयानं मोठा, म्हणून पदर पुढे ओढून, दाराआडूनच बोलली.

"भाऊजी, पोरगी शिकून राहिली. वाटा काहून तोडला?"

"जो जाल टाकन त्याचा वाटा. बाई जाल टाकत नाई."

"बाई मासोळी विकते. सभेत मले बोलू तं द्या."

"सभा संपली," मनिराम म्हणाला. ती अजून सुरू व्हायची होती, चहा यायचा होता. पण अध्यक्ष संपली म्हणाला म्हणजे संपली.

तेव्हापासून शकुन दुसऱ्यांच्या वाट्यातली मासोळी विकत घेऊन सानगडीच्या बाजारात बसू लागली. ज्या पाण्यात नवऱ्याची उमर गेली, त्याच पाण्यातली मासोळी तिला गिऱ्हाईक होऊन घ्यावी लागे. तिला याचा राग होता. रडणं-ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं. मरळ साफ करताना तिचे आवळलेले दात दिसत, एवढंच. तिला कोणाची दया नको होती. मुन्नाच्या जागी आपलं नाव यादीत लागावं आणि ते काठावर मोठ्यानं पुकारलं जावं, इतकंच तिला हवं होतं.

आता राज्यघटना चिचटोल्यात कशी आली ते ऐका. संविधान दिनाला शाळेत मनिराम पाहुणा होता. आधी पाहुण्याला शाल-नारळ द्यायचे, आता पुस्तक देतात. मुख्याध्यापकांनी भारताचं संविधान हातात ठेवलं. मनिरामनं खुर्चीतच ते मधेच उघडलं, तर निघालं कलम त्रेपन्न. देशाची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या हाती आणि सेनेचा वरचा अधिकारही त्याच्याच हाती. मनिरामला भरून आलं. एकोणीस वर्षं तो जे करत आला ते दिल्लीच्या पुस्तकात लिहिलेलं निघालं. पुढची वीस पानं त्यानं तिथेच वाचली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण मन भरलं की माणूस पान उलटत नाही.

त्याच महिन्यात भंडाऱ्याच्या कचेरीतून पत्र आलं, संस्थेचे नियम सादर करा. जुने नियम कपाटात होते आणि कपाटात उधळी, म्हणजे वाळवी, होती. अर्धे कागद उधळीनं खाल्ले. उरलेल्या अर्ध्यात निवडणुकीचं कलम होतं, म्हणून ते मनिरामनं जाळले.

"देशाले पुरते ते तलावाले काहून पुरनार नाई?" त्यानं सगळ्यांना सांगितलं. "भारत लिवला हाये तिथं चिचटोला तलाव लिवाचं. राष्ट्रपती लिवला हाये तिथं अध्यक्ष. झालं काम."

लिहायला त्यानं रंजूला बोलावलं. रंजू शकुनची पोरगी, साकोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचं अक्षर गावात सगळ्यांत चांगलं होतं. मनिरामनं अक्षर पाहिलं, विषय कोणता ते विचारलं नाही. विषय राज्यशास्त्र होता.

"ज्यानं तुह्या बाबाचं नाव खोडलं त्याच्या दारी कायले जातेस वो?" शकुन म्हणाली.

"लिवाले," रंजू म्हणाली. "वही त्याची, पेन त्याचा, हात माहा."

तरणी पोर एकटी कशी पाठवायची, म्हणून शकुनही सोबत जायची आणि ओसरीच्या टोकाला तांदूळ निवडत बसायची. नऊ दुपारी हा कारभार चालला. मनिराम आरामखुर्चीत पडून सांगायचा, रंजू पाटावर वही ठेवून लिहायची. राज्यं, राज्यपाल, रेल्वे, निर्वासित, भाषा हे सगळं मनिरामनं एका हातानं उडवलं. आपल्या तलावाला रेल्वे लागत नाही. पण अध्यक्षाच्या आधी आणखी एक भाग होता, तो रंजूनं उडवू दिला नाही.

"हे काय हाये?"

"मूलभूत अधिकार, मोठे बाबा. लोकाइचे."

"अध्यक्षाच्या आधी लोकाइचे कायले?"

"पुस्तकातच आधी हायेत."

मनिरामनं वहीची जाडी पाहिली. अधिकार काढले तर वही बारीक दिसत होती, आणि बारीक वही भंडाऱ्याला नेणं शोभलं नसतं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

रंजू मग एकेक वाचत लिहू लागली. कायद्यापुढे सगळे सारखे. बाई म्हणून, पुरुष म्हणून, जात म्हणून, धरम म्हणून फरक करायचा नाही. आपलं म्हणणं मांडायची मोकळीक सगळ्यांना. शकुनचा हात तांदळात तसाच राहिला. दोन वर्षं ती ज्याला नशीब म्हणत होती, त्याला पुस्तकात दुसरं नाव होतं. आणि ते नाव मनिराम स्वतःच्या ओसरीत, स्वतःच्या पेनानं लिहून घेत होता. तिनं पदर आणखी पुढे ओढला, कारण तिला हसू येत होतं.

पुढे दोन सभागृहं आली. मनिराम उठूनच बसला.

"दोन कायले? एकच सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात."

"एका सभेनं घाई केली तं दुसरीनं थांबवाचं," रंजूनं सांगितलं.

मनिरामनं विचार केला. जाळं टाकणाऱ्या पुरुषांची एक सभा होतीच. दुसरीत कोणाला बसवायचं? त्याच्याविरुद्ध जाणारं तर कोणी नको. "बायाइले बसवा," तो म्हणाला. "टोपली घेऊन बाजारात बसतात त्या सगळ्या. तशाही बसल्याच असतात." अशी जालसभा आणि टोपलीसभा झाली, आणि बाजारात बसणारी म्हणून शकुन आपसूक टोपलीसभेत आली. हे मनिरामच्या ध्यानात आलं तेव्हा शाई वाळली होती.

मग न्यायाधीश. कायदा चालवणारा आणि न्याय करणारा वेगळा पाहिजे, असं रंजूनं वाचलं. मनिराम हसला. "ज्याले मासोळीचं काहीच लागत नाई असा मानूस आनाचा कुठून?"

"पुंडलिकराव," ओसरीच्या टोकावरून शकुन म्हणाली. नऊ दुपारींत ती एवढंच बोलली.

पुंडलिकराव कुणबी, तलावाखाली त्यांचं धान. गळ्यात तुळशीची माळ, आणि चिचटोल्यात मासोळी न खाणारं तेवढं एकच घर. पूर्वी काठावर वाटे पडले की पुंडलिकरावांच्या वडिलांना बोलावत. जो तो आपली खूण देई, कोणी खडा, कोणी पळसाचं पान, कोणी बिडीचं थोटूक. म्हातारा बघत नसे कोणाची खूण कोणती, आणि वाट्यांवर एकेक ठेवून घरी जाई. ज्याच्या तोंडाला मासोळीची चवच नाही त्याला चांगला वाटा कोणता ते कळत नाही, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा. मनिरामनं बारा वर्षांमागे ती रीत बंद केली. कायले म्हाताऱ्याले तरास, म्हणाला. तेव्हापासून वाटे पाडणाराही तोच आणि देणाराही तोच.

पुंडलिकरावांचं नाव निघालं तेव्हा ओसरीत आणखी दोन-चार म्हातारे होते. त्यांनी माना हलवल्या. मनिरामला नाही म्हणता येईना. "लिही," तो म्हणाला. शेवटी कंटाळून तो प्रत्येक कलमाला तेच म्हणत होता. अध्यक्षाला काढायचं कलम आलं, नोटीस किती दिवसांची, सह्या किती जणांच्या, मतं किती, तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. "लिही, लिही."

सव्वीस जानेवारीला नारळ फोडून, शिरा वाटून घटना मंजूर झाली. कोणी वाचली नाही. भंडाऱ्याच्या कचेरीतल्या साहेबांनी मात्र तीन पानं वाचली, मनिरामकडे पाहिलं, परत पानांकडे पाहिलं, आणि टेबलातून संस्थांच्या नियमांचा छापील नमुना काढून दिला. मनिरामनं त्यावर न वाचता सही ठोकली. पण गावात चालली ती रंजूच्या अक्षरातलीच. छापील नमुन्यावर नुसता शिक्का होता, हिच्यावर नारळ फुटला होता.

आठवड्याच्या आत शकुननं पुंडलिकरावांपुढे अर्ज ठेवला. त्यांनी तिला ऐकलं, मनिरामला ऐकलं, दोन दिवस वही घरी नेली आणि तिसऱ्या दिवशी चावडीवर सांगितलं, "मासोळीतलं मले काही समजत नाही. पण लिवलेलं समजते. बाई म्हणून वाटा तोडता येत नाही. शकुनचं नाव यादीत लावा."

"निकाल मंजूर," मनिराम म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या जाळ्याला शकुन टोपली घेऊन काठावर गेली. चाळीस नावं पुकारली गेली. एकेचाळिसावं आलं नाही.

ती पुंडलिकरावांकडे गेली. ते बांधावर बसले होते, त्यांना खरंच वाईट वाटलं. "बाई, माह्या हाती पेन हाये," ते म्हणाले. "जाल, डोंगा ना यादी सारी त्याच्याकडं. मी सांगू शकतो, ओढू शकत नाही."

मनिराम इकडे वही वाचायला लागला होता. आपल्या फायद्याचं अजून काय आहे ते शोधताना त्याला अध्यादेश सापडला. सभा बसलेली नसेल तेव्हा अध्यक्षाला एकट्यानं हुकूम काढता येतो. सभा कधी बसायची हे तर त्याच्याच हातात होतं. आठ दिवसांत त्यानं चार अध्यादेश काढले. पहिला, शकुनच्या निकालाचा अंमल योग्य वेळी होईल. दुसरा, योग्य वेळ अध्यक्ष ठरवतील. तिसरा, पहिल्या दोन अध्यादेशांबद्दल कोणी विचारू नये. या तिन्हींवर गावात कोणी ब्र काढला नाही. शकुनचं गाऱ्हाणं होतं, शकुनचं ती बघेल.

चौथा अध्यादेश असा होता, की मोठ्या रोहू-कतल्याची डोकी, म्हणजे सगळ्यांत चवीचा भाग, यापुढे अध्यक्षाच्या घरी जातील.

चिचटोला पेटला. माणसाचा वाटा तोडला तर चालतं, पण रोहूचं डोकं तोडून दुसऱ्याच्या घरी गेलं तर झाडीपट्टीतला माणूस गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी जालसभा बसली, कोणी बोलावली ते आजपर्यंत कळलं नाही. अमर नावाचा तरुण सभासद, चांगला जाळं टाकणारा, पुढे झाला. "काढा त्याले," तो म्हणाला. "आजच. अध्यक्षपद बी जाईन ना यादीतलं नाव बी. वाटा बंद. मंग समजन." चाळीसांतले चौतीस हात वर गेले. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

"माहं बी लिवा," दुरून शकुन म्हणाली. "निकाल होऊन बी माहं नाव लावलं नाई, हा बी त्याचा गुन्हा हाये."

"ते नंतर पाहू," अमर म्हणाला. "आधी डोक्याचं होऊ दे."

आता वहीप्रमाणे ठराव टोपलीसभेपुढे यायचा होता. अमर शकुनच्या घरी आला आणि त्यानं उघड सौदा मांडला. "वहिनी, आज सांजेले बाया हो म्हणाल्या तं मनिराम गेला. पाच दिवसांनी मोठं जाल हाये, वर्षातलं सगळ्यात मोठं. त्यात तुहा वाटा पक्का. मी देतो जबान." शकुननं विचारलं, वहीत काय आहे. अमर म्हणाला, वही मरू दे.

तो गेला आणि अर्ध्या तासानं मनिराम आला. मुन्नाच्या तेरवीनंतर तो या दारात पहिल्यांदा उभा होता. वही काखेत आणि टोपी हातात होती. बसा म्हटलं तर बसला नाही. रंजूला म्हणाला, "पोरी, अध्यक्षाले काढाचं ते कलम वाच बरं."

रंजूनं वाचलं. आरोप लिहून द्यायचा. चौथाई सभासदांच्या सह्या. चौदा दिवसांची नोटीस. मग दुसरी सभा चौकशी करणार, आणि चौकशीत अध्यक्षाला हजर राहून आपलं म्हणणं मांडायचा हक्क. मग तीनातल्या दोघांनी हो म्हटलं तर काढायचं.

"अन माहं यादीतलं नाव?"

"ते काढता येत नाई. ते सभासदाचं हाये, अध्यक्षाचं नाई."

मनिरामनं ते पान स्वतः पाहिलं. "हे मी लिवाले लावलं?"

"तुमी डोळे मिटून होते. लिही लिही म्हणाले."

तो शकुनकडे न बघता म्हणाला, "मुन्नाची बायको, तू काही माह्या बाजूनं बोलशीन असं मी म्हणत नाई." आणि उत्तराची वाट न पाहता गेला. शकुनला त्याची कीव आली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. दोन वर्षं ती जशी दारादारात उभी राहिली तसा तो आज उभा होता, आणि हे बघायला मुन्ना नव्हता याचंच तेवढं वाईट वाटलं.

संध्याकाळी समाजमंदिरात एकवीस बाया बसल्या. बाहेर पुरुष दाटीनं उभे होते. मधे मनकर्णाबाई, सगळ्यांत म्हातारी, बाजारात बसायला लागून पन्नास वर्षं झालेली. तिनं ठराव ऐकला, पान थुंकून आली आणि म्हणाली, "मले वाचता येत नाई. जिचा वाटा गेला तिनं सांगावं. शकुन म्हणन ते."

सगळ्यांनी शकुनकडे पाहिलं. बाहेर अमरनं मान हलवली, हो म्हण म्हणून. शकुनला समोर मोठं जाळं दिसत होतं, काठावरचे वाटे दिसत होते. पुढच्या वर्षी रंजूचं शेवटचं वर्ष. एका शब्दाचं काम होतं. आणि त्या माणसानं तिला एक शब्द बोलू दिला नव्हता.

"ऐकल्याबिगर काढाचा नाई," ती म्हणाली. "चवदा दिवस द्या. बोलू द्या. मंग पाहू."

बाहेर गलका झाला. कोणीतरी म्हणालं, हिला मनिरामनं गुंडाळलं. कोणी म्हणालं, पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणून भ्याली. शकुनचा आवाज चढला नाही. "माह्या घरच्याचं नाव खोडलं तवा कोनी ऐकलं नोतं," ती म्हणाली. "तवा तुमी सारे काठावर होते. तवा बी चाळीस वाटे पडले होते. आज तसंच कराचं असन तं अध्यक्ष बदलाचं कामच काय? जुनाच काय वाईट हाये?"

मनकर्णाबाईनं ठराव परत पाठवला, सोबत सांगितलं की डोक्यांच्या आरोपाखाली शकुनच्या नावाचंही लिहून आणा. पुरुषांना तो कागद पुन्हा करावा लागला.

पाच दिवसांनी मोठं जाळं पडलं. अध्यक्ष अजून मनिरामच होता आणि यादी त्याच्याच हातात होती. त्यानं चाळीस नावं पुकारली आणि यादीची घडी घातली. शकुन रिकामी टोपली घेऊन उभी होती. इतका रोहू गेल्या पाच वर्षांत निघाला नव्हता. अमर आपला वाटा उचलताना म्हणाला, "आपल्याच हातानं आपल्या पायावर." शकुननं त्याच्याकडूनच मासोळी विकत घेतली आणि बाजार केला. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. तिला स्वतःचाच राग येत होता.

"तुह्या पुस्तकानं मले फसवलं तं?" ती रंजूला म्हणाली.

"पुस्तक जिंकाची हमी देत नाई, माय," रंजू म्हणाली.

"मंग काय देते?"

रंजूनं घागर उचलली. ती पाणी आणायला गेली.

पंधराव्या दिवशी चौकशी बसली. मनिराम धुतलेला सदरा घालून आला, हातात चार पानं लिहिलेली. एकवीस बायांपुढे तो उभा राहिला आणि सव्वा तास बोलला. तलावाचा लिलाव दुसऱ्या गावाला जात होता तो आपण कसा थांबवला. भंडाऱ्याला किती खेपा घातल्या, एसटी नव्हती तेव्हा सायकलनं. चोरून जाळं टाकणाऱ्यांना कसं हाकललं, त्यात डोक्याला कसा दगड लागला. हे सगळं खरं होतं आणि बायांना ते माहीत होतं. काही जणींचे चेहरे मऊ झाले. शकुननंही मधे एकदा मान हलवली, कारण सायकलच्या खेपांत कधी कधी मुन्ना मागे बसलेला असायचा.

पानं संपली. मनकर्णाबाईनं विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. शकुन उठली. पदर होता तिथेच होता, पण या वेळी दार मधे नव्हतं.

"भाऊजी, मुन्नाच्या जागी माहं नाव काहून लावलं नाई?"

मनिरामनं पानं उलटसुलट केली. पाणी मागितलं, प्यायला. "तसंच चालत आलं," तो म्हणाला.

"कोनापासून?"

"माह्यापासून," तो म्हणाला. मग त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण तो खाली बसला.

"आनखी काही सांगाचं हाये? घाई नाई," शकुन म्हणाली.

तो नाही म्हणाला. हात वर करायची वेळ आली. पहिला हात शकुनचा वर गेला. तिच्या पाठोपाठ अठरा गेले. एकोणिसांत मनिरामच्या बायकोचा, बाजारात बसणाऱ्या सुलोचनाबाईचाही होता. मनिरामनं तिच्याकडे पाहिलं.

"पाहून काय राहिले?" सुलोचनाबाई म्हणाली. "गावाची डोकी घरी आली. साफ मीच केली."

अमर अध्यक्ष झाला. तो काही साधू नव्हे, यादी हातात आल्याबरोबर त्याचीही मान ताठ झालीच. पण वही सगळ्यांनी आता वाचली होती, आणि पुंडलिकरावांनी पहिल्याच दिवशी येऊन त्याला चौदावं कलम, कायद्यापुढे सगळे सारखे, बोटानं दाखवलं. त्या आठवड्यात जाळं पडलं. लहान होतं, बरीच मासोळी बारकी. अमरनं नावं पुकारली. मनिरामचं नाव आलं तेव्हा कोणीतरी मागून खोकलं, पण वाटा त्याला मिळाला. शेवटी अमर म्हणाला, "शकुन मुन्ना." मोठ्यानं म्हणाला. शकुन पुढे झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांना मासोळी लागली होती.

ती टोपली बांधत होती तिथे मनिराम आला. आजूबाजूला कोणी नाही हे बघून थांबला.

"एक विचारतो," तो म्हणाला. "त्या दिवशीच हो म्हटलं असतं तं मोठ्या जालात तुहा वाटा होता. तुले मालूम होतं. मंग मले बोलू काहून देलं?"

शकुननं टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि गाठ मारली.

"तुमी बोलले नसते भाऊजी, तं मले जलमभर वाटलं असतं का तुमच्यापाशी सांगासारखं काहीतरी होतं."

सानगडीची गाडी यायची वेळ झाली होती. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि बांधावरून सडकेकडे निघाली.